बाराचा गरुड

तोरिनो, ८ जून १९८६

प्रिय फ्रेदो,

इतके महिने पत्र नाही, याबद्दल आधी माफी माग म्हणशील, तर मागते. तुझी दोन पत्रं टेबलावर पडून आहेत. कारणं सांगायला बसले तर सबबी वाटतील, आणि त्यातल्या निम्म्या सबबीच आहेत. म्हणून एकच सांगते : मार्चपासून पापा माझ्याकडे आहेत. हर्नियाचं ऑपरेशन नीट झालं, पण पुढचा मुक्काम दोघांनाही जड गेला. चुलत्याला, तुझ्या बार्बाला, सांभाळणं अवघड नाही असं तुला वाटतं, कारण तुझ्याकडे अंगण आहे. चौथ्या मजल्यावर ठेवून बघ. कान गेलेले, त्यामुळे टीव्हीचा आवाज अख्ख्या इमारतीला. मोतीबिंदूमुळे घड्याळाचे काटे दिसत नाहीत, आणि दिसले तरी ते 'सरकारचं घड्याळ', त्याच्याकडे ते बघणार नाहीत. दिवसभर मला विचारतात, "आता कुठला पक्षी?" समोर बँक आहे. बँकेवर कुठला पक्षी सांगू?

शनिवारच्या बसने त्यांना पाठवते आहे. चाझालला पोचले की शांत होतील असं वाटतं. तिथे त्यांच्या खिडकीतून तुझ्या घराची सूर्यघड्याळाची भिंत समोर दिसते. सळईची सावली कुठल्या पक्ष्यावर आली ते बघायचं, मनात दीड तास मिळवायचा, आणि सरकारच्या वेळेला बरोबर हजर व्हायचं. हिवाळ्यात सरकार काटे तासभर मागे घेतं, तेव्हा अर्धाच तास मिळवायचा. सत्तर वर्षं त्यांचं असंच चाललं आहे आणि कधी बस चुकलेली नाही.

भिंतीला रंग देतो आहेस हे कळलं. छान. पण त्या रंगाऱ्याला नीट बजाव. प्रत्येक आकड्यावरचा पक्षी जसा आहे तसाच राहिला पाहिजे. सहाच्या घुबडाचे डोळे पिवळे होते, नारिंगी नव्हे. की नारिंगीच होते? जुना फोटो काळा-पांढरा आहे आणि माझ्या आठवणीवर माझाच भरवसा नाही. इर्माला विचार, तुझ्या बायकोची आठवण माझ्यापेक्षा पक्की आहे.

तुझी,
देल्फिना

*

चाझाल, २२ जून

फिना,

बार्बा पोचले. बसमधून उतरल्या उतरल्या भिंतीपुढे जाऊन उभे राहिले आणि टोपी काढली. मग म्हणाले, "कोंबड्याला आता शेपूट आहे." डोळे भरून आले होते त्यांचे. माझेही आले असतील, पण मी लगेच गोठ्यात गेलो.

तुझ्या घुबडाचे डोळे पिवळे केलेत. इर्मा म्हणाली नारिंगी होते, पण तुझ्याशी भांडायला मला वेळ नाही.

रंगारी बेलट्रामो पिनेरोलोचा. हात सोन्याचा, जीभ कात्रीसारखी. म्हणाला, "तुमच्या पणजोबांना चित्रं यायची, गणित येत नव्हतं." खरंच आहे ते. लहानपणापासून बघतोय, ती भिंत कायम मागे. पाहुणे यायचे, मनगटावर बघायचे, भिंतीवर बघायचे आणि हसायचे. मी त्याला सांगितलं, पैसे प्रांताचे आहेत, काम पक्कं कर. अख्खा दिवस शिडीपाशी उभं राहून करून घेतलं. आता ये आणि तुझ्या घड्याळाशी ताडून बघ, मिनिटाचा फरक नाही. मागच्या रविवारी एका जर्मनाने फोटो काढला.

कधी शाबासकी देशील का? की फक्त घुबडाचे डोळे?

फ्रेदो

*

चाझाल, २७ जुलै

फिना,

तुझं पत्र मिळालं. त्यात पाकोळीच्या छातीचा लाल रंग, सुतारपक्ष्याची चोच आणि शेवटी एक ओळ 'पापा कसे आहेत'. तर ऐक कसे आहेत.

गेली दोन वर्षं इर्माने पोलेंता, मक्याची उकड, ताटात वाढला की दारात म्हातारा उभा असायचा. इकडचं मिनिट तिकडे नाही. आता ती बटाटे सोलत असते तेव्हाच येतात, खुर्ची ओढून बसतात आणि टेबलावर चमचा वाजवतात. ती हाताने दाखवते, अजून वेळ आहे. हे ओरडतात, "या घरात शिस्त राहिलेली नाही!" काल तिने रागारागाने रावियोले, बटाट्याचे गोळे, न उकडता कच्चेच ताटात टाकले. त्यांनी खाल्ले! बरं, खाताना म्हणतात काय, भूक नाही. भूक नाही तर दीड तास आधी कशाला आलात?

बुधवारी खालच्या गावात पत्ते खेळायला जातात. बस साडेतीनला. हे दोनपासून थांब्यावर. जिरोदो बस घेऊन आला की त्याच्यावर काठी उगारतात, सगळ्या प्रवाशांसमोर. "वेळचोर! तुझा बाप असा नव्हता!" जिरोदो बिचारा घड्याळ दाखवतो. ते बघत नाहीत.

आणि रविवारी तर कहर केला. अकराच्या प्रार्थनेला साडेनऊला जाऊन चर्चचं दार काठीने बडवलं. पाद्री ज्यूस्तो अर्धी दाढी फेसात घेऊन बाहेर आले. बार्बा त्यांना म्हणाले, "देवाला झोपवलंत काय?"

गाव हसतंय, फिना. मला हसू येत नाही. ऑपरेशनच्या वेळी गुंगीचं औषध देतात, ते डोक्यात राहिलं असेल का? तू शिकलेली आहेस, तूच सांग.

फ्रेदो

*

तोरिनो, २ ऑगस्ट

प्रिय फ्रेदो,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, आणि मग मला त्याची लाज वाटली. पण तुझ्यावर चिडलेही. 'तू शिकलेली आहेस' हे तू मला नेहमी अशाच वेळी ऐकवतोस. मी व्याकरण शिकवते. मेंदूतलं मला काय कळतं?

इथल्या डॉक्टरांना विचारलं. वय, भूल, जागाबदल, या सगळ्याने काळाचं भान सुटू शकतं म्हणाले. माणसं ओळखतात का? ओळखतात. पैसे मोजतात? तुझ्यापेक्षा चांगले. मग फक्त वेळच का चुकते, असं मी विचारलं. "सुरुवात कुठून तरी होते," म्हणाले. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

मोठ्या आकड्यांचं घड्याळ पाठवते आहे. त्यांच्या उशाशी ठेव. आणि इर्माला सांग, कच्चं काही देऊ नको. पंधरा ऑगस्टच्या सणाच्या सुट्टीला मी येते, तोवर त्यांच्यावर ओरडू नकोस. तसंही त्यांना ऐकू जात नाही, ऐकतं ते गाव.

देल्फिना

*

तोरिनो, १९ ऑगस्ट

प्रिय फ्रेदो,

निघताना आपण भांडलो, म्हणून हे लगेच लिहिते.

तीन दिवस होते आणि तिन्ही दिवस पाऊस. पापा खिडकीत बसून होते, कोरड्या खडूसारखे. मी पाठवलेलं घड्याळ त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलं आहे हे तू मला सांगितलं नव्हतंस. विचारलं तर म्हणाले, "कोंबड्यांना उपयोग होईल." पावसात भिंतीवर सावली नव्हती, म्हणून ते इर्माच्या हालचालींवर लक्ष ठेवून होते आणि जेवायला अगदी वेळेवर आले. मला वाटलं, बघा, बरे आहेत. तू म्हणालास, "पाहुणी आली की शहाण्यासारखे वागतात." मी त्यावर चिडायला नको होतं. तू रोज बघतोस, मी तीन दिवस बघितलं.

भिंत सुंदर झाली आहे. तुला समोर म्हणायचं राहून गेलं. फक्त बाराचा गरुड मला थोडा डावीकडे गेल्यासारखा वाटला. लहानपणी तो बरोबर सळईच्या खाली होता असं आठवतं. पण घुबडाच्या डोळ्यांबाबत इर्मा बरोबर निघाली, तुझ्या आईच्या भरतकामात ते नारिंगीच आहेत. तेव्हा गरुडाबद्दलही माझीच आठवण चुकत असणार. ते सोड.

पोरं काठी हिसकावतात, बसमधून त्यांच्या आवाजाची नक्कल करतात, हे मी थांब्यावर पाहिलं. सालुत्सोच्या वृद्धाश्रमात ओळखीच्या बाई आहेत. त्यांना लिहिते आहे, नुसती चौकशी. तू तुमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना एकदा घरी बोलाव. डॉक्टर जे म्हणतील ते आपण दोघांनी मान्य करायचं.

देल्फिना

*

चाझाल, ९ सप्टेंबर

फिना,

डॉक्टर काल आले. लख्ख ऊन होतं. बार्बांनी दाढी केली होती, जाकीट घातलं होतं. डॉक्टर पाटीवर लिहून प्रश्न विचारत होते. साल कुठलं? बरोबर. मुलीचं नाव? बरोबर, वर तुझी जन्मतारीख. पंतप्रधान कोण? नाव सांगून शिवी दिली, म्हणजे दुप्पट बरोबर. मी मनात म्हणत होतो, शाब्बास म्हाताऱ्या.

मग लिहिलं, आता किती वाजले?

बार्बांनी खिडकीतून भिंतीकडे पाहिलं. घाई केली नाही. छातीठोकपणे म्हणाले, "साडेबारा."

अकरा वाजले होते, फिना. डॉक्टरांनी स्वतःचं घड्याळ त्यांच्या नाकासमोर धरलं. बार्बा म्हणाले, "दुरुस्त करून घ्या." डॉक्टर कागदावर लिहीत राहिले. 'काळाचं भान नाही, एकटं ठेवू नये.' मला जाताना म्हणाले, हिवाळ्यात हे रात्री बर्फात बाहेर पडतील, तेव्हा जबाबदार कोण?

तू म्हणालीस डॉक्टर म्हणतील ते. तर हे म्हणाले. इर्मा चुलीपाशी तोंड फिरवून उभी होती. मला आता जास्त लिहायला सांगू नकोस.

फ्रेदो

*

चाझाल, १७ सप्टेंबर

देल्फिना,

तुझा कागद फ्रेदोने दाखवला. सोमवारी सालुत्सोला जायचं. जातो. मला उचलून न्यावं लागणार नाही, माझे पाय शाबूत आहेत.

तुम्ही सगळे मला समजावताना तोंडं हलवता, मला त्यातलं काही कळत नाही. म्हणून माझं म्हणणं लिहून ठेवतो. मी वेळ चुकलेलो नाही. भिंत बघतो आणि दीड मिळवतो, माझ्या बापासारखा. गावच ढिलं झालंय. बस उशिरा, प्रार्थना उशिरा, इर्मासारखी बाई, तिचाही स्वयंपाक उशिरा. मी एकटा वेळेवर, म्हणून मी वेडा.

एक कबूल करतो. शरीर साथ देत नाही. जेवायला बसतो तेव्हा वेळ झालेली असते पण भूक नसते. सावली गरुडावर असते आणि अंगणात अजून सकाळचा गारवा असतो. ऊनही पूर्वीचं राहिलं नाही. की माझं रक्त थंड झालं, कुणास ठाऊक. पण ती गोष्ट वेगळी, आणि वेळ वेगळी.

निरोपासाठी रविवारी येऊ नकोस. थांब्यावर रडणाऱ्या बायका मला आवडत नाहीत.

तुझा बाप,
कोस्तांत्सो

*

चाझाल, २९ सप्टेंबर

फिना,

आश्रमातून फोन आला होता. बार्बा कुणाशी बोलत नाहीत, पण जेवतात. खोली उत्तरेकडे आहे म्हणून तक्रार करतात. तुला कळवलं असेलच.

इथे दुसरंच संकट. त्या बेलट्रामोने मला फसवलं! काल सकाळी माझ्या मनगटावर अकरा, भिंतीवर गरुड, म्हणजे बारा. म्हटलं घड्याळाचं काही झालं. इर्माचं बघितलं, तेही अकरा. रेडिओ, अकरा. परवा रात्री सरकारने हिवाळ्याची वेळ लावली, सगळ्यांनी काटे मागे केले, ठीक. पण म्हणून भिंतीने एक तास पुढे जायचं? परवापर्यंत मिनिटाचा फरक नव्हता. मी स्वतः मनगटावर बघून तासातासाला खडूने खुणा करून दिल्या होत्या त्याला, आणि त्याने एकेक पक्षी खुणेवर रंगवला. चार महिन्यांत काम बिघडतं म्हणजे काय? मी त्याला फोन केला. तो हसायला लागला आणि म्हणाला, "सूर्याला फोन करा." शिकलेल्या माणसाच्या हातचं एक पत्र त्याला जायला हवं. जरा कडक लिहून दे.

फ्रेदो

*

तोरिनो, २ ऑक्टोबर

क्याफ्रेदो,

पूर्ण नावाने लिहिते आहे, त्यावरून ओळख.

तू पक्षी सरकवलेस. जूनमध्ये, मनगटावरच्या घड्याळावरून, सरकारच्या उन्हाळी वेळेवर. गरुड डावीकडे गेला होता. मी तो पाहिला, तुला लिहिलं, आणि स्वतःच ती ओळ खोडल्यासारखी पुढे गेले.

आता बस आणि नीट वाच. इर्मालाही वाचून दाखव. जुन्या भिंतीवर सावली गरुडावर आली म्हणजे सूर्य डोक्यावर. तेव्हा उन्हाळ्यात सरकारचे दीड वाजलेले असायचे : आपण पश्चिमेला म्हणून अर्धा तास, आणि उन्हाळी वेळेचा एक. पापा दीड मिळवायचे आणि बरोबर यायचे. तू तो दीड तास भिंतीतच मिळवून ठेवलास. आणि कुणी त्यांना सांगितलं नाही. ते रंग बघून रडले, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दीड मिळवायला लागले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा भिंतीवर अकरा होते. त्यांनी साडेबारा सांगितले. सत्तर वर्षं हेच उत्तर बरोबर होतं, फ्रेदो! पावसात ते वेळेवर जेवायला आले आणि आपण त्यावरून भांडलो!

ते स्वतः लिहीत होते : 'भिंत बघतो आणि दीड मिळवतो.' ते पत्र माझ्या पर्समध्ये होतं. बसमध्ये वाचलं, शाळेत वाचलं. ऊन थंड वाटतं हे वाचून मी डॉक्टरांना फोन करून विचारलं, हे रक्ताभिसरणाचं लक्षण आहे का! तेव्हा सगळा राग तुझ्यावर काढायचा मला हक्क नाही. तरीही काढते आहे, कारण तू जवळ होतास.

मला ताबडतोब लिही, असंच झालं का. आणि माझं चुकत असेल तर तेही. खरं तर माझं चुकावं असं मला वाटत नाही, याचीही भीती वाटते.

देल्फिना

*

चाझाल, ६ ऑक्टोबर

फिना,

असंच झालं.

मी काल दुपारी सळईपाशी जाऊन बघितलं. बरोबर तिच्या खाली जुन्या गरुडाचा पंजा रंगाखालून अजून दिसतो. बेलट्रामोने तो नीट झाकला नाही, वर ढग काढला.

मला वाटलं होतं मी पणजोबांची चूक दुरुस्त करतोय. पाहुणे हसायचे ना. लहानपणापासून मला त्या हसण्याचा राग होता.

इर्मा दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. ताटं आपटते. काल म्हणाली, "मी त्यांना कच्चे रावियोले वाढले," आणि परत भांडी घासायला लागली. गावात अजून कुणाला सांगितलेलं नाही. कसं सांगायचं तेच कळत नाही.

एक विचार आला. पक्षी राहू देत, सळईच गरम करून जरा वाकवली तर? लोहार अर्ध्या तासात करून देईल.

फ्रेदो

*

सालुत्सो, १२ ऑक्टोबर

प्रिय फ्रेदो,

सळईला हात लावायचा नाही. लोहाराला घरी पाठव. दार लाव. मी येईपर्यंत तू भिंतीपासून दहा हात लांब राहा. सळई वाकवलीस तर एकही पक्षी एकाही ऋतूत खरं सांगणार नाही. हे मी कितीही वेळा लिहायला तयार आहे.

काल दुपारी पापांकडे गेले. बाहेर बागेत बाक आहे, तिथे बसलो. मी सगळं पाटीवर लिहिलं. तीनदा पुसून लिहावं लागलं, पाटी लहान आहे. मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा रडतील, किंवा निदान माझ्याकडे बघतील. ते पाटीकडेच बघत होते.

मग म्हणाले, "म्हणजे जिरोदोची बस वेळेवर होती?"

मी मान हलवली.

"पाद्री?"

मी लिहिलं : वेळेवर.

"इर्मा?"

मी पुन्हा मान हलवली. फ्रेदो, त्यांचा चेहरा मी पाहिला नसता तर बरं झालं असतं. तीन आठवडे त्या उत्तरेकडच्या खोलीत ते ताठ मानेने बसले होते, कारण ते बरोबर होते आणि जग चुकलं होतं. ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं.

"मी येत नाही," ते म्हणाले. "मला वेडा ठरवलंत, ते परवडलं. वेड्याला माफी मागावी लागत नाही. मी जिरोदोला अख्ख्या बससमोर चोर म्हटलं. त्याच्या बापाचं नाव काढलं."

मी लिहिलं : चूक भिंतीची होती.

"शिव्या भिंतीने दिल्या नाहीत."

अर्धा तास आम्ही असंच भांडलो, ते मोठ्याने आणि मी खडूने. त्यांनी तोडगाही काढला. गावात सांगायचं की बार्बाला भ्रम झाला होता आणि सालुत्सोच्या औषधांनी तो बरा झाला. मी लिहिलं, हे खोटं आहे. ते म्हणाले, "तुझ्या या खरेपणानेच मला इथे आणलं. डॉक्टर म्हणतील ते मान्य, असं तूच लिहिलं होतंस ना?" शेवटी ठरलं ते असं : तू आणि मी गावात खरं सांगायचं, भिंतीचं, खडूच्या खुणांचं, सगळं. हसणाऱ्या पाहुण्यांचंही सांग, लोक समजून घेतील. जिरोदोशी मात्र ते स्वतः बोलतील. मग पुन्हा कच खाल्ली.

"मला ऐकू येत नाही. तो काय म्हणेल ते कळणार कसं?"

मी लिहिलं : माफी मागायला ऐकू यावं लागत नाही.

त्यांनी पाटी बाहीने पुसली. मग स्वेटरची बटणं लावली, सगळी, गळ्यापर्यंत, आणि म्हणाले, "बेलट्रामोला सांगा, थंडी पडायच्या आत गरुड सळईखाली. आणि घुबडाचे डोळे नारिंगी." मी लिहिलं, पिवळे कुणामुळे झाले माहीत आहे का? ते म्हणाले, "माहीत आहे. डॉक्टरांसारखीच तीही शिकलेली आहे."

त्यांना लगेच बरोबर घेऊन निघणार होते, पण ऑफिसातल्या बाईंनी डॉक्टरांचा कागद पुढे ठेवला. 'काळाचं भान नाही, एकटं ठेवू नये.' त्या कागदावर त्या त्यांना सोडू शकत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. मी कालपासून इथेच धर्मशाळेत राहिले आहे. शाळेला रजेची तार केली. इर्माला सांग, खोली झाडून ठेव, भिंतीकडची खिडकी उघडी टाक. बेलट्रामोला मीच लिहीन, कडक नाही.

उद्या : डॉक्टरांना गाठून त्यांचा कागद बदलून घेणे.

देल्फिना